गच्चीवरचे ऊन : पॅनेलांचा कल, दिशा आणि मांडणी

उन्हाबद्दल आपल्याकडे तक्रारीच फार. उन्हाने विहिरी आटतात, उन्हाने डोके दुखते, उन्हाने वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला झोप येत नाही. तेच ऊन घरची वीज देऊ शकते ही गोष्ट आता मात्र कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पुण्यातल्या एखाद्या टेकडीवरून शहराकडे नजर टाकली, तर गच्च्यागच्च्यांवर निळसर काळ्या पॅनेलांच्या रांगा दिसतात. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना सुरू केली आणि घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅट व त्यापुढच्या यंत्रणेसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान जाहीर केले. तेव्हापासून सोसायट्यांच्या वार्षिक सभांत पार्किंग आणि पाणी यांच्या जोडीला सोलरचा विषय येऊन बसला आहे.

परंतु त्या सभांत जो प्रश्न विचारला जातो तो एकच : किती किलोवॅटचे बसवायचे? वस्तुतः किलोवॅट हे क्षमतेचे माप झाले. आपले बिल कमी होते ते युनिटांनी. किलोवॅट बाजारात विकत मिळतो. युनिट आपल्याच गच्चीवर पिकवावे लागते. आणि ते किती पिकेल हे पॅनेल कोणत्या कंपनीचे यावर जितके अवलंबून असते, तितकेच किंबहुना त्याहून अधिक ते कसे मांडले यावर असते. एकदा ठोकलेला सांगाडा पंचवीस वर्षे हलत नाही. म्हणून तो ठोकण्यापूर्वी, पैसे भरणाऱ्या प्रत्येक सभासदाला समजावा असा हा हिशेब आम्ही येथे मांडणार आहोत. त्याला शाळेतल्या भूगोलापेक्षा आणि भूमितीपेक्षा अधिक काही लागत नाही.

प्रथम पॅनेल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. प्रकाश पडताच काही पदार्थांत वीज उत्पन्न होते हे फ्रान्सच्या एडमंड बेकेरेल याने १८३९ मध्ये पाहिले होते. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ मध्ये तयार केला. त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज होत असे. आजच्या बाजारातले चांगले पॅनेल वीस ते बावीस टक्क्यांपर्यंत जाते. निरभ्र दिवशी भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतके ऊन पडते. म्हणजे दोन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा पॅनेलातून, ऊन अगदी समोरून आले तर, ४०० वॅटच्या आसपास वीज मिळावी. सगळी गोम त्या 'समोरून' या शब्दात आहे.

पावसात परात धरून पाहा. सरळ पडणाऱ्या पावसात परात आडवी धरली तर ती लवकर भरते. तिरपी केली तर तीच परात कमी पाणी झेलते. उभी धरली तर जवळजवळ काहीच नाही. उन्हाचेही तसेच. मात्र हे नुकसान प्रारंभी फारच सावकाश वाढते, आणि ही गोष्ट पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे. ऊन समोरच्या रेषेपासून दहा अंश तिरपे आले तर केवळ दीड टक्का कमी होतो. वीस अंशांना सहा टक्के, तीस अंशांना तेरा टक्के, आणि साठ अंशांना मात्र सरळ निम्मे ऊन हातचे जाते.

आता सूर्य समोर कोठे असतो? उदाहरणादाखल आम्ही पुणे घेतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. मुंबईचा एकोणीस, नाशिकचा वीस, नागपूरचा एकवीस, पणजीचा साडेपंधरा. तेव्हा पुण्याचा हिशेब एकदोन अंश इकडेतिकडे करून सर्वांना लागू पडावा. आपल्या जुन्या ज्योतिषांनी या कामासाठी बारा अंगुळे उंचीचा शंकू वापरला. सपाट जमिनीवर तो उभा करायचा आणि विषुवदिनी, म्हणजे दिवस व रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्हीची सावली मोजायची. या सावलीला ते पलभा म्हणत. पुण्याची पलभा भरते चार अंगुळे. त्याच शंकूची सावली २२ डिसेंबरच्या मध्यान्ही पावणेअकरा अंगुळे उत्तरेकडे पडते. उलट २१ जूनला ती जेमतेम एक अंगुळ असते, आणि तीही दक्षिणेकडे, कारण त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात की मध्यान्ही सावली पायाखालीच राहते. येथे मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, हे लक्षात असावे. आपले घड्याळ अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेले आहे. पुण्यात डिसेंबरातला खरा मध्यान्ह बारा वाजून सुमारे ३३ मिनिटांनी होतो.

सूर्याची ही वार्षिक येरझार पाहिली की पॅनेलाचा कल का द्यावा लागतो ते उमगते. वर्षातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. म्हणून पॅनेलाचे तोंड दक्षिणेकडे. सरासरीने तो डोक्यावरच्या बिंदूपासून अक्षांशाइतका दक्षिणेला कललेला असतो; म्हणून पॅनेलाचा कलही साधारण अक्षांशाइतका, म्हणजे पुण्यास अठरा ते वीस अंश. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ढगांमुळे ऊन एका दिशेने येतच नाही, ते साऱ्या आकाशातून पसरून येते, आणि अशा उजेडाला कलाची फारशी पर्वा नसते. खरी कमाई ऑक्टोबर ते मे या निरभ्र महिन्यांत होते. यामुळे अक्षांशाइतक्या कलाचा सल्ला महाराष्ट्रात अधिकच योग्य ठरतो.

इतके ऐकून कित्येक लोक अठरा अंशांचा आकडा मंत्रासारखा पाठ करतात. येथेच थोडे थांबावयास हवे. परातीच्या उदाहरणात आपण पाहिले की थोड्या चुकीला शिक्षा थोडीच आहे. अठरा अंशांऐवजी दहाच अंश कल दिला, तर वर्षाच्या उत्पन्नात दीड-दोन टक्क्यांची तूट येते. पॅनेल अगदी सपाट ठेवले तरीही पाच ते सात टक्क्यांच्या पलीकडे तूट जात नाही. दिशेचेही तेच. दहा अंश कलाचे पॅनेल दक्षिणेऐवजी आग्नेयेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड करून बसवले, म्हणजे दिशा तब्बल ४५ अंशांनी चुकली, तरी नुकसान दीड टक्क्याच्या घरातच राहते. तेव्हा इमारत जराशी तिरकी आहे म्हणून पॅनेलांच्या रांगा गच्चीवर तिरक्या मांडून कोपरे वाया घालवण्यात शहाणपण नाही. भिंतीला समांतर मांडा. जास्त पॅनेले बसतील आणि चालायलाही वाट राहील.

मग खरा शत्रू कोण? सावली. कलाची चूक टक्क्याने मोजतात, सावलीची चूक तिसऱ्या हिश्श्याने. याचे कारण पॅनेलाच्या पोटात आहे. पॅनेलात साठ-बहात्तर घट माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, आणि सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. बागेत पाणी देताना रबरी नळीवर एका जागी पाय पडला तर नळी कितीही लांब असो, शेवटास धार मंदावते. तसेच येथे एका घटावर तळहाताएवढी सावली पडली तरी सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. हे टाळण्यासाठी पॅनेलाचे साधारण तीन भाग करून प्रत्येकाला डायोडची आडवाट दिलेली असते; अडलेला भाग सोडून प्रवाह तिकडून निघून जातो. म्हणजे सावली तळहाताएवढी आणि नुकसान एक तृतीयांश पॅनेलाचे. अर्ध्या घटांची जी नवी पॅनेले आता मिळतात त्यांत वरचा व खालचा भाग वेगळा जोडलेला असल्याने हे नुकसान काहीसे आटोक्यात राहते, पण संपत नाही. म्हणून गच्चीवरची जुनी ॲन्टेनाची काठी, पताकेची दोरी, कठड्यावर डोकावणारी नारळाची झावळी, यांतली कोणतीही गोष्ट क्षुल्लक समजू नये.

आता आपण मुख्य हिशेबाकडे येऊ. कललेल्या पॅनेलांची एक रांग मागच्या रांगेवर सावली टाकते. जितका कल अधिक, तितकी मागची कड उंच, तितकी सावली लांब, आणि तितके दोन रांगांतले अंतर मोठे. सर्वांत लांब सावली २२ डिसेंबरच्या सुमारास पडते. संक्रांतीपर्यंत थांबून मोजमाप करणाऱ्याला ती किंचित आखूडच सापडेल. त्या दिवशी सौर वेळेने सकाळी नऊ ते दुपारी तीन, म्हणजे पुण्याच्या घड्याळाने साधारण साडेनऊ ते साडेतीन, या वेळात कोणतीही रांग दुसरीवर सावली टाकणार नाही असे अंतर ठेवावे, हा सर्वमान्य नियम आहे. पुण्यास या वेळेच्या दोन्ही टोकांना सावलीची उत्तरेकडची लांबी उंचीच्या सुमारे १.२ पट असते.

समजा गच्चीची दक्षिणोत्तर मोकळी लांबी १२ मीटर आहे आणि एका रांगेत दहा पॅनेले बसतात. पॅनेल दोन मीटरचे. अठरा अंश कल दिला तर मागची कड ६२ सेंटिमीटर उचलली जाते, पॅनेलाखाली १.९० मीटर जमीन व्यापते, आणि मागे ७४ सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी लागते. या मापाने चार रांगा बसतात. पाचवी अर्ध्या मीटरने बाहेर पडते. आता कल दहा अंश करा. मागची कड ३५ सेंटिमीटर, मोकळी जागा सुमारे ४१ सेंटिमीटर, आणि साडेअकरा मीटरांत पाच रांगा सुखाने मावतात. पहिल्या मांडणीत चाळीस पॅनेले, म्हणजे १६ किलोवॅट. दुसरीत पन्नास, म्हणजे २० किलोवॅट. किलोवॅटला वर्षाकाठी १४०० युनिटे धरली तर पहिली मांडणी २२,४०० युनिटे देईल. दुसरीतून कल कमी केल्याचे दोन टक्के वजा केले तरी २७,४४० मिळतील. एकेका पॅनेलाची कमाई थोडी उतरली, पण गच्चीची कमाई वर्षाला ५००० युनिटांनी वाढली.

आम्हाला या लेखात जे सांगावयाचे आहे ते इतकेच की पॅनेलाला काय आवडते हा प्रश्न अपुरा आहे. आपल्यापाशी कमी काय आहे, हा खरा प्रश्न आहे. पैसा कमी आणि गच्ची ऐसपैस असेल, जशी गावाकडच्या शाळेची किंवा बंगल्याची असते, तर पॅनेले थोडी घ्यावीत आणि प्रत्येकाला पुरा अठरा-वीस अंशांचा कल व भरपूर मोकळीक द्यावी. तेथे प्रत्येक पॅनेलाकडून पुरेपूर काम घेणे हाच काटकसरीचा मार्ग. उलट शहरातल्या सोसायटीत वीस बिऱ्हाडांचा जिना, लिफ्ट आणि पाण्याचा पंप एकाच गच्चीवर चालवायचा असतो. तेथे दुर्मीळ आहे ती जागा. तेथे कल दहा अंशांवर आणून जास्त रांगा बसवणे योग्य. त्याहून जागा कमी असेल तर पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड केलेल्या पॅनेलांच्या जोड्या घराच्या पाख्यांसारख्या पाठीला पाठ लावून मांडता येतात. अशा मांडणीत रांगांमध्ये सावलीसाठी जागा जवळजवळ सोडावीच लागत नाही. पॅनेलामागे पाच ते सात टक्के जातात, पण सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत वीज मिळत राहते. कोकणातल्या पूर्व-पश्चिम पाख्यांच्या घराने दक्षिण नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही, ते यामुळेच.

रांगांचा हिशेब झाला की गच्चीवरच्या इतर वस्तू पाहाव्यात. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांच्या उत्तरेची जागा सावलीची, दक्षिणेची उन्हाची. तेव्हा नवी टाकी बांधावयाची असेल तर ती उत्तरेच्या कडेला बांधावी. दक्षिणेचा कठडा एक मीटर उंच असेल तर त्याच्यामागची सव्वा मीटर जागा डिसेंबरात सावलीत जाते. पॅनेले कठड्याच्या उंचीवर उचलली की ती परत मिळते. सात-आठ फूट उंच सांगाडा केला तर खाली कपडे वाळत घालता येतात आणि पापड-कुरडयांचा हक्कही शाबूत राहतो, मात्र लोखंडाचा खर्च वाढतो.

आणि आपल्या गच्चीइतकेच शेजारच्या प्लॉटकडेही पाहावे. आज जुन्या दुमजली इमारती पाडून बारा मजली उभ्या राहण्याचा काळ आहे. आपल्या दक्षिणेला आपल्या गच्चीहून २४ मीटर उंच इमारत उठली, तर डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली साडेएकवीस मीटर उत्तरेकडे येते. मार्चमध्ये आठ मीटर. तेव्हा दक्षिणेच्या शेजाऱ्याचे पुनर्विकासाचे बेत काय आहेत याची चौकशी करणे हाही मांडणीचाच भाग समजावा. उत्तरेच्या शेजाऱ्याने कितीही मजले चढवले तरी आपले फारसे बिघडत नाही.

उन्हाबरोबर उष्णता येते, आणि पॅनेलाला प्रकाश हवा असला तरी उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची शक्ती ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलच्या दुपारी काच साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते, म्हणजे बारा ते सोळा टक्के तेथेच गेले. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेले यामुळे अधिक झुरतात. खालून वारा खेळेल इतकी पोकळी ठेवलीच पाहिजे. कल कमी करण्यालाही मर्यादा आहे. पाच अंशांच्या खाली गेल्यास पावसाचे पाणी काचेच्या खालच्या कडेला साचते आणि धुळीची पट्टी तयार होते, तीही एक सावलीच. दहा अंशांवर पाऊस बरेचसे काम करतो; बाकीचे आठ महिने फडके आणि गोडे पाणी घेऊन सकाळी, काच थंड असताना, पुसावे.

वाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी करतात, तो सर्वांत आधी करावयास हवा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात इमारतींसाठी वाऱ्याचा मूळ वेग पुण्यास सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईस ४४ मीटर धरला आहे. म्हणजे ताशी १४० आणि १५८ किलोमीटर. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने कोकणात छपरांचे काय केले ते आपण विसरलेलो नाही. कल जितका अधिक, तितके पॅनेल शिडासारखे वारा धरते. दहा अंशांची मांडणी येथेही सुरक्षित ठरते. सांगाड्याचे पाय स्लॅबला भोके पाडून रोवावयाचे की काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभे करावयाचे, हे बांधकाम तपासणाऱ्या अभियंत्याला विचारूनच ठरवावे. वीज सर्वांची आणि गळती मात्र वरच्या मजल्यावरच्या एकाच बिऱ्हाडाची, असे झाले तर सोसायटीतला सलोखा कोणत्याही अनुदानाने भरून येणार नाही.

हे सारे स्वतः पडताळून पाहण्याचे साधन अगदी स्वस्त आहे. गच्चीवर एक काठी ओळंब्यात उभी करावी आणि तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते तेथे एक खूण, दुपारनंतर ते बाहेर पडते तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात दक्षिणोत्तर. शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेली ही रीत स्लॅबवर होकायंत्राहून विश्वासार्ह आहे, कारण स्लॅबमधल्या लोखंडी सळयांनी होकायंत्राची सुई बहकते. डिसेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यात एखाद्या सुटीच्या दिवशी साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीन अशा तीन वेळा गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडा खडूने आखाव्यात. ज्या जागेवर तिन्ही वेळा ऊन आहे ती आपली खरी शेतजमीन. कंत्राटदाराचा नकाशा या खडूच्या रेघांवर ठेवून पाहावा, आणि मग त्याला दोनच प्रश्न विचारावेत : सर्वांत लांब सावलीच्या दिवशी यातले कोणते पॅनेल झाकले जाईल? आणि या मांडणीतून वर्षाला किती युनिटे मिळतील हे तुम्ही लिहून देता काय?

सारांश, आधी सावली, मग जागा, मग वारा, आणि त्यानंतर कल, या क्रमाने विचार करावा. अठरा अंश हा आकडा खोटा नाही; पण तो एकट्या पॅनेलाचा आकडा आहे, आणि आपण गच्चीवर राहतो ते वीस बिऱ्हाडे मिळून. एकेकाचे जास्तीत जास्त आणि सर्वांचे मिळून जास्तीत जास्त या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सहकारी सोसायटीच्या सभासदाला निराळे सांगावयास नको. सूर्य कोणाच्याही गच्चीवर भेदभाव करीत नाही. त्याने दिलेले नीट मांडून घेणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि तेही सांगाडा ठोकण्यापूर्वीच.